पडणाऱ्यांची वही

आत्या घोड्यावरून कधीही पडल्या नाहीत, हे विधान या कुटुंबाच्या संग्रहात सहा ठिकाणी आढळते: फाटकावरच्या पाटीवर, माहितीपत्रकाच्या तीन आवृत्त्यांत, पागेच्या दारावर तेलरंगात आणि एका पितळी कपावर. हा कप कोणत्या स्पर्धेत मिळाला याची चौकशी केली, तेव्हा तो आत्यांनी स्वतःच करवून घेतल्याचे समजले. सहाही ठिकाणचा मजकूर त्यांनीच सांगितलेला असल्याने पुरावा म्हणून या सहांची किंमत एकच धरावी लागते, आणि तीही जपून.

आत्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत. नात्याने त्या एकाच भाचीच्या आत्या. ती भाची परगावी नोकरीला गेली, हाक मात्र मागे राहिली, आणि आता टपाल घेऊन येणारा माणूसही त्यांना आत्याच म्हणतो. उंची बेताची आहे, आवाज तसा नाही. चालताना पाय किंचित फाकलेले असतात, जणू मधला घोडा कोणी नुकताच काढून घेतला आहे. बारा एकर जमीन आणि अकरा घोडे यांची वाटणी फार पूर्वी झाली. जमीन धाकट्या भावाकडे गेली. त्यांना सगळे दादा म्हणतात. ते बटाटे, गहू आणि घोड्यांसाठी लसूणघास पिकवतात, आणि सहसा बोलत नाहीत. घोडे आत्यांकडे आले. उरलेले सर्व काही दादांच्या बायकोकडे, म्हणजे वहिनींकडे: फोनवरची नोंदणी, पाहुण्यांच्या मापाचे बूट, हेल्मेट, कोंबड्या, आणि बटाटे काढणीच्या दिवसांत एकमेकांशी न बोलणाऱ्या या बहीण-भावांचे निरोप.

धंदा कसा सुरू झाला याच्या तीन हकिकती आहेत. आत्यांच्या मते वडिलांनी ट्रॅक्टर घेतला आणि नांगराचे दोन्ही घोडे विकायला काढले, तेव्हा "घोडे गेले तर मीही जाईन" असे त्यांनी भर जेवणात ठणकावले. दादांच्या मते ट्रॅक्टर आल्यावर घोड्यांना गिऱ्हाईक आले, त्याने घोड्यांचे दात पाहिले आणि पाणीसुद्धा न घेता ते परत गेले. वहिनींच्या मते ट्रॅक्टर आला त्याच आठवड्यात शहरातल्या एका जोडप्याची गाडी फाटकासमोर बंद पडली, त्यांना घोड्यावरून मोठ्या रस्त्यापर्यंत सोडले, आणि पुढच्या रविवारी गाडी धडधाकट असतानाही ते घोडे मागायला आले. वहिनी त्या वेळी या घरात आलेल्याच नव्हत्या. तरीही सर्वांत जास्त तपशील त्यांच्याच हकिकतीत आहे. तिन्हींत समान गोष्ट एकच, ट्रॅक्टर, आणि त्याची पावती सापडली आहे. ती त्रेचाळीस वर्षांपूर्वीची आहे, म्हणून धंद्याचे वय त्रेचाळीस धरले आहे. पाटीवर पन्नास आहे. त्याबद्दल विचारले असता आत्या म्हणाल्या, "घोड्यांचं वय धरून."

रपेटीची वाट पहिल्या दिवसापासून एकच आहे. फाटकातून बाहेर पडायचे, शेजारच्या शेताच्या कडेने दोन दगडी बांधांमधून जायचे, पुढे वाट काटकोनात वळते तिथून नदीवर उतरायचे आणि काठाकाठाने दोन तासांनी परत यायचे. त्या वळणाला कोपर म्हणतात. कोपरावर बांध खचलेला आहे आणि त्याला लागून कमरेइतका खोल चर आहे. चरापलीकडे शेजाऱ्याचे हिरवेगार रान असते, म्हणून तिथे पोचल्यावर प्रत्येक घोडा मान खाली घालून घास ओढतो आणि बेसावध स्वार मानेवरून घसरगुंडीसारखा पुढे येतो.

अडचण अशी, की दोन बांधांमधली ही वाट त्या शेजाऱ्याच्या जमिनीत आहे. शेजाऱ्यांना टेपकाका म्हणतात, कारण त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मोजपट्टीची गुंडाळी कायम असते आणि ते बोलता बोलता समोरची वस्तू मोजतात. आत्यांचे आणि त्यांचे बावीस वर्षे बोलणे नाही. बांधावर समोरासमोर आलेच तर आत्या घोड्याला सांगतात, "यांना सांग, यांचं पाणी आमच्या बटाट्यात येतंय." त्यावर टेपकाका घोड्याला उत्तर देतात. घोडे बदलले, पद्धत तीच राहिली. भांडणाचे कारण हद्दीचे आहे असे सगळे सांगतात. हद्दीच्या भांडणाचा कागद मात्र एकही नाही.

यंदा टेपकाकांचा कारभार जावयाकडे गेला. जावयाला त्या वाटेवर भाज्यांसाठी काचेचे मोठे घर उभारायचे आहे. त्याने वाट बंद करण्याचा अर्ज केला आणि मोजणी कार्यालयातून आत्यांना पत्र आले. सलग तीस वर्षे, एकही वर्ष न वगळता, वाटेने घोडे नेल्याचे दाखवता आले तर वहिवाट कायम राहील. पुरावा म्हणून त्या त्या वर्षी लिहिलेला कागद चालेल, नाहीतर विरुद्ध बाजूची कबुली चालेल. दुसरे काही चालणार नाही.

वाट गेली तर नदीकडे जायला फक्त मालमोटारींचा रस्ता उरतो, आणि त्या रस्त्यावर नवख्या माणसाला घोड्यावर बसवायला आत्या तयार नाहीत. म्हणजे रपेट बंद, आणि घोडे विकायचे. पत्र आले त्या दुपारी आत्यांनी काही झाले तरी विकायचे नाहीत अशा घोड्यांची यादी केली. यादीत अकरा नावे आहेत.

जुने कागद ताडून लावून देणे हा माझा धंदा. वहिनींनी मला बोलावले ते याच कामासाठी. "कागद ढीगभर आहेत," त्या म्हणाल्या. "त्यातले खरे तेवढे काढून द्या."

नोंदणीच्या वह्यांचा उपयोग झाला नाही. कोण आले आणि किती वाजता आले एवढेच त्यांत लिहिलेले. कोणत्या वाटेने गेले ते नाही. शिवाय जुन्या वह्या वहिनींनी कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरल्या होत्या आणि कोंबड्यांनी त्यांचे काम चोख केले होते. चौथ्या दिवशी पागेत, तुटक्या खोगिरांच्या मागे, पत्र्याच्या डब्यात एक जाड वही सापडली. वरचे अक्षर वडिलांचे: "पडणाऱ्यांची वही."

"ती कुठे मिळाली?" आत्यांनी विचारले. आवाजात आनंद नव्हता.

वडिलांची रीत अशी होती. घोड्यावरून जो पडेल त्याने परत आल्यावर स्वतःच्या अक्षरात चार गोष्टी लिहायच्या: तारीख, घोडा, ठिकाण आणि कारण. लिहून झाले की त्याला चहा फुकट. हेतू वाटेचा होता. एकाच जागी तिघे पडले की दादांनी तिथे फावडे घेऊन जायचे. पहिल्या पानावर वडिलांनी एकच नियम लिहून दोनदा अधोरेखित केला आहे: "कारणात घोड्याला दोष देऊ नये." ही वही पाहुण्यांच्या नजरेस पडू नये याची काळजी आत्यांनी पुढे कसोशीने घेतली, कारण माहितीपत्रकात "अत्यंत सुरक्षित" असे छापलेले आहे. वही बंद करण्याचे धाडस मात्र त्यांना झाले नाही. वडिलांचा नियम होता.

त्रेचाळीस वर्षांत पडण्याच्या तीनशे बारा नोंदी आहेत. कारणांचा रकाना वाचताना गांभीर्य टिकवणे कठीण जाते. "बायको का हसली ते बघायला मागे वळलो." "शिंक आली. दोन्ही हातांनी शिंकायची सवय आहे." "पडलो नाही, उतरलो. पाय नंतर आले." एका गृहस्थांनी दोन पाने भरून आपल्या साहेबांची तक्रार लिहिली आहे, घोड्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत येतो. एका बाईंनी फक्त "अभिमान" असे लिहिले आहे. त्यांचा घोडा कोणता होता तेही लिहिले असते तर बरे झाले असते.

आपल्या कामाचा रकाना ठिकाणाचा. कोपरावर पडलेले सत्त्याण्णव जण निघाले, आणि कोपरावर पडायचे तर वाटेने जावेच लागते. वर्षवार तक्ता केला. दर वर्षी कोपरावर कोणी ना कोणी पडले होते: एक, तीन, सहा, दोन. वहिनी शेजारी बसून प्रत्येक वर्षाला "पडला ग बाई!" म्हणून टाळी देत होत्या. बावीस वर्षांपूर्वीच्या वर्षाशी टाळी थांबली. त्या वर्षी नदीवर दोघे पडले होते, अंगणात एक पडला होता. कोपरावर कोणीही नाही. तिसांपैकी एकोणतीस वर्षे पक्की झाली, आणि पत्रात "एकही वर्ष न वगळता" असे स्पष्ट लिहिलेले होते.

सुनावणीला सहा दिवस उरले होते. त्यांतल्या तिसऱ्या दिवशी दोन कागद हाती लागले. पहिला, त्याच वर्षी पागेत लावलेली आत्यांच्या अक्षरातली सूचना: "कोपरावर सर्वांनी उतरून चालावे. घोड्यांच्या गुडघ्यांना विश्रांती." तारीख हंगाम सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्याची. म्हणजे कोपरावर कोणी का पडले नाही ते उलगडले. चालणारा माणूस घोड्यावरून पडत नाही. घोडे तिथून खरेच गेले याचा पुरावा मात्र नुसत्या सूचनेने होत नाही. पण ही सूचना तरी अचानक का? दुसरा कागद घोड्यांच्या लसीकरणाच्या दाखल्यांत चुकून गेला होता. डॉक्टरांची चिठ्ठी, सूचनेच्या आठ दिवस आधीची, नाव आत्यांचे: "डावा खांदा निखळला आहे. कारण: माळ्यावरून पडल्या."

दोन्ही कागद घेऊन पागेत गेलो. आत्या एका घोडीला खरारा करत होत्या.

"आत्या, बावीस वर्षांपूर्वी कोपरावर कोणीच पडलं नाही."

"चांगलं आहे की. मी शिकवलं चांगलं."

"आदल्या वर्षी चार पडले. पुढच्या वर्षी पाच."

"मग त्या वर्षी जास्त चांगलं शिकवलं."

"त्या वर्षी सगळ्यांना कोपरावर उतरवत होतात. घोड्यांचे गुडघे त्याच वर्षी दुखत होते?"

"घोड्यांना विचारा."

"आणि ही चिठ्ठी. माळ्यावरून पडल्या असं आहे. या घराला माळा नाही."

खरारा थांबला. "होता. पाडला."

"घराचा नकाशा पाहिलाय. बांधल्यापासून पत्र्याचं छप्पर आहे, उंच बाजूला नऊ फूट. माळ्याला जागाच नाही."

आत्यांनी घोडीच्या पाठीवरून माझ्याकडे पाहिले. "फार मोजता हो तुम्ही. त्या टेपवाल्याकडेच राहायला का जात नाही?"

त्यांनी पुन्हा खरारा सुरू केला, नंतर घोडीलाच म्हणाल्या, "त्रेचाळीस वर्षं लोकांना सांगत आले, मांड पक्की असली की माणूस पडत नाही. लोक माझ्याकडे बघून घोड्यावर चढतात. उद्या मीच पडले होते म्हटलं तर चढतील का? सांग."

घोडीने सांगितले नाही.

वहिनी स्वयंपाकघरात अंडी पुसत होत्या. त्यांना सरळच विचारले. "मला काय ठाऊक?" त्या म्हणाल्या. "मी तेव्हा परसात वाळत घालत होते. निळी चादर होती." बावीस वर्षांपूर्वीच्या एका सकाळची चादर ज्यांना आठवते त्यांना बाकीचेही आठवत असणार, हे उघड आहे, पण त्यांच्या तोंडून ते निघणार नव्हते, हेही तितकेच उघड होते. "वन्संनी सांगितलं तर वन्संनी सांगावं," एवढेच त्या म्हणाल्या. दादांना विचारले. दादांनी टोपी काढली, आत पाहिले आणि पुन्हा घातली.

सुनावणी मोजणी कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होती. खोली लहान, नकाशांच्या नळ्यांनी भरलेली. टेबलाच्या काचेखाली निवृत्त झालेल्या माणसांचे फोन नंबर, आणि कागद टाचायचे यंत्र सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेले. अधिकारी एक मध्यमवयीन बाई होत्या. एका बाजूला आत्या, दादा, वहिनी. दुसऱ्या बाजूला जावई आणि टेपकाका. जावयाच्या हातात काचघराचे रंगीत चित्र होते. टेपकाका खुर्चीत बसल्याबसल्या टेबलाची रुंदी मोजत होते.

अधिकारीबाईंनी वही उघडली. पाचव्या मिनिटाला त्यांनी रुमाल तोंडाला लावला. दहाव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "हे दोन्ही हातांनी शिंकणारे पुन्हा आले होते का?"

"दर वर्षी येतात," वहिनी म्हणाल्या. "आता आम्ही आधीच रुमाल देतो."

"मॅडम, ही वही म्हणजे विनोद आहे," जावई म्हणाला.

"असू दे. तारखा आहेत, सह्या आहेत, दर वेळची शाई वेगळी आहे." त्यांनी माझा तक्ता शेजारी ठेवला आणि बोट खाली खाली नेत एका रिकाम्या चौकटीवर टेकवले. "या वर्षाचं काय?"

आत्या पंख्याकडे पाहत होत्या.

"कागद नसेल तर समोरच्या बाजूला विचारते." बाई टेपकाकांकडे वळल्या. "या वर्षी तुमच्या वाटेने घोडे जाताना पाहिलेत?"

"पाहिले नाहीत," जावई म्हणाला.

"पाहिले," टेपकाका म्हणाले.

"बाबा, तुम्हाला आठवत नाही!"

"जावईबापू, मला चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. हे आठवतं."

अधिकारीबाईंनी पेन उचलले. "पण ते याच वर्षी, हे कशावरून?"

टेपकाकांनी मोजपट्टी गुंडाळली. मग म्हणाले, "ते सांगता येणार नाही."

"म्हणजे नक्की आठवत नाही."

"नक्की आठवतं. वर्ष, वार, वेळ. सांगता येणार नाही. शब्द दिलाय."

"कोणाला?"

टेपकाकांनी आत्यांकडे पाहिले नाही. बांधावर आत्या घोड्यावरून जाताना ते नेहमी चराकडे बघत, हे मीही दोनदा पाहिले होते आणि त्याचा अर्थ लागला नव्हता. त्या खोलीत चर नव्हता, म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीत खोल नजर लावली. आत्यांचा चेहरा विटेसारखा लाल झाला.

"काका, वर्ष कशावरून ते कळलं नाही तर मला कबुली लिहिता येणार नाही," अधिकारीबाई म्हणाल्या. "मग हे वर्ष रिकामं राहील आणि वाट बंद होईल. समजतंय ना?"

"समजतंय. पण शब्द म्हणजे शब्द."

बाईंनी पेनाला टोपण लावले. ते लागल्याचा लहानसा आवाज झाला, आणि आत्या उठून उभ्या राहिल्या.

"सांगा हो," त्या म्हणाल्या. बावीस वर्षांत त्यांनी टेपकाकांशी, मध्ये घोडा न घालता, उच्चारलेले हे पहिले शब्द. "सोडलं तुम्हाला शब्दातून. सांगून टाका. पण थोडक्यात."

थोडक्यात सांगणे आता टेपकाकांच्या हातात नव्हते. बावीस वर्षे मनात घोळवलेली गोष्ट ती. त्यांनी खुर्ची उलटी फिरवली आणि तिच्यावर घोड्यासारखे बसले.

"हंगामाचा पहिला रविवार. मी चरात उतरून गाळ काढत होतो. बाईसाहेब एकट्याच आल्या, वाट बघायला. अशा." ते ताठ बसले. "मान अशी. मला नमस्कार नाही, काही नाही. कोपरावर आल्या आणि थांबल्या. आणि मग..." ते खुर्चीवरून डावीकडे इतके सावकाश कलू लागले, की दादांनी हात पुढे केला. "असं. पिकलेलं फळ गळतं तसं. थेट माझ्या घमेल्यात!"

"घोडा उधळला होता?" बाईंनी लिहिता लिहिता विचारले.

"छे! उभा होता."

"उभा?"

"त्यांच्याकडे तेव्हा सावकाश नावाचा घोडा होता. नावाप्रमाणेच. उभा काय, झोपला होता म्हणा ना."

"झोपला नव्हता," आत्या म्हणाल्या.

"डोळे मिटलेले होते."

"माशी होती डोळ्यावर!"

"बरं, माशी होती. मी हसलो, हे कबूल. फार हसलो. हसत हसत यांना बाहेर काढलं. डावा हात लोंबत होता, चेहरा चिखलाने भरलेला, आणि पहिला शब्द काय? ‘कोणाला सांगितलंत तर याद राखा.’ शब्द दिला. तेव्हापासून यांनी माझ्याशी बोलणं सोडलं." त्यांनी खुर्ची सरळ केली. "त्याच वर्षी माझी मुलगी लग्न होऊन या जावईबापूंकडे गेली. बरोब्बर आठ दिवसांनी. लग्नात यांचा हात झोळीत होता. फोटो आहे. वर्ष चुकायचं कसं?"

मी डॉक्टरांची चिठ्ठी टेबलावर ठेवली. तारीख त्याच रविवारची, खांदा डावाच. बाईंनी ती वाचली. "यात तर माळ्यावरून असं लिहिलंय."

"अहो, आमच्याकडे माळाच नाही!" वहिनी एकदम ओरडल्या, इतक्या मोठ्याने की बाहेरचा शिपाई डोकावला. "बावीस वर्षं जो येतो तो विचारतो, माळा कुठे, माळा कुठे! काय दाखवू मी लोकांना? निळ्या चादरीत गुंडाळून नेलं यांना डॉक्टरकडे. चादर अजून आहे. चिखलाचा डाग गेलेला नाही!"

अधिकारीबाईंनी रिकाम्या चौकटीत काहीतरी लिहिले आणि खाली शिक्का मारला. वहिवाट सिद्ध. जावयाने काचघराचे चित्र गुंडाळले, "माझ्याच लग्नाचा फोटो!" असे दोनदा म्हटले आणि गाडी घेऊन निघून गेला. सासऱ्यांना घ्यायचे तो विसरला. त्यामुळे टेपकाका दादांच्या टेम्पोतून आमच्याबरोबर परत आले आणि वाटेत त्यांनी टेम्पोची आतली लांबी मोजली.

घरी आल्यावर दादांनी वही स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आत्यांच्या पुढ्यात उघडून ठेवली. वर पेन ठेवले.

"काय आहे?" आत्या म्हणाल्या.

"वडिलांचा नियम," दादा म्हणाले. माझ्या तिथल्या मुक्कामातले हे त्यांचे सर्वांत लांब वाक्य.

आत्यांनी पेन घेतले. तारखेच्या रकान्यात त्या जुनी तारीख घालू लागल्या, तेव्हा मला हरकत घ्यावी लागली. नोंद आज होत आहे, तर आजची तारीख आधी हवी आणि घटनेची नंतर, नाहीतर उद्या कोणी ही वहीच खोटी ठरवेल. आत्यांनी माझ्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला, पण दोन्ही तारखा लिहिल्या. घोडा: सावकाश. ठिकाण: कोपर. कारणाशी पेन बराच वेळ अडले. मग त्यांनी लिहिले, "घोड्याने अचानक मान..."

वहिनींनी पानांखालून हात घालून पहिले पान वर काढले आणि नियमाखालच्या दोन रेघांवर बोट ठेवले.

आत्यांनी लिहिलेले खोडले. खिडकीबाहेर पाहिले. मग झरझर एक ओळ लिहून, सही करून वही मिटली. "झालं. चहा टाका. फुकटचा आहे माझा."

टेपकाकांनी एका बोटाने वही उघडली आणि मोठ्याने वाचले: "शेजारची लसूणघास बघत होते. आमच्यापेक्षा हातभर उंच होती."

पडण्याची कबुली आत्यांनी कार्यालयात दिली होती. ही त्याहून मोठी होती, हे सर्वांच्या लक्षात आले, आणि सर्वांत आधी दादांच्या.

"हातभर?" दादा म्हणाले. "कुठली हातभर? चार बोटं असेल."

"हातभर होती रे. म्हणून तर इतकी वाकले."

"आमची तेव्हा नुकती कापली होती!"

"हातभर नव्हती," टेपकाका म्हणाले. आत्यांनी आशेने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी खिशातून मोजपट्टी काढून टेबलावर ठेवली. "एकवीस इंच. बाईसाहेबांना घरी पोचवून आलो आणि दोन्हीकडची मोजली. म्हटलं, बघत होत्या काय एवढं?"

आत्यांनी मोजपट्टीवर एकवीसचा आकडा शोधला. मग त्यांना हसू आले. आधी नाकातून, मग खांद्यांतून, आणि शेवटी त्या डावा खांदा उजव्या हाताने धरून हसत राहिल्या. वहिनींनी दोन कप पुढे केले. पडणाऱ्याचा एक; दुसऱ्याबद्दल विचारले असता त्या म्हणाल्या, "उचलणाऱ्याचा." असा रकाना वहीत नाही.

एकवीस इंचांना स्वतंत्र आधार मिळालेला नाही, आणि दादांना ते मान्य नाहीत. वाट चालू आहे. पुढच्या रविवारी मी उरलेले कागद परत द्यायला गेलो, तेव्हा फाटकाशी शिडी लावलेली होती आणि आत्या ब्रश घेऊन पाटीपर्यंत चढल्या होत्या. टेपकाका खाली शिडी धरून दोन शब्दांमधले अंतर सांगत होते. दोन शब्दांच्या मध्ये, थोडी दाटी करून, नव्या रंगात एक शब्द बसवला होता. आता तिथे असे लिहिले आहे: "आत्या चालत्या घोड्यावरून कधीही पडल्या नाहीत."

हे विधान सर्व कागदांशी ताडून पाहिले. ते खरे आहे.